हायब्रीडला ‘पॉवर’ पेट्रोल पाजावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांनी गेल्या दिवाळीत ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी गाडी) घेतली. सुरुवातीला अ‍ॅव्हरेज २४-२५ मिळायचं, आता मे महिन्यात ते २० वर आलंय. पंपावरचा मुलगा प्रत्येक वेळी सांगतो, ‘साहेब, हायब्रीड आहे, ९५ टाका, साध्याने इंजिन खराब होतं.’ महिन्यातून दोनदा साताऱ्याला जाणं होतं आणि खंबाटकीच्या घाटात इंजिन फार ओरडतं. ९५ किंवा १०० ऑक्टेन भरलं तर अ‍ॅव्हरेज वाढेल का, घाटातला आवाज कमी होईल का, आणि इथेनॉलपासून सुटका होईल का, असं त्यांना विचारायचं आहे. एकदा १०० भरूनही पाहिलंय, त्याने काही बिघडलं तर नाही ना, अशी धाकधूकही आहे.

तुमची खरी अडचण घसरलेलं अ‍ॅव्हरेज ही आहे. ऑक्टेन हा त्यावर पंपावरून आलेला उपाय आहे, आणि रोग पाहण्याआधीच तो सुचवला गेलाय. या गाडीत साधं पेट्रोलच भरा. असं का, आणि कुठल्या गाडीला हे लागू नाही, ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी पंपावर उभं राहून डोकं खाजवायला नको.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा गैरसमज आधी बाजूला ठेवू. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं की ते तापतं. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सगळीकडे पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं, तर त्याला नॉकिंग म्हणतात. हे भडकणं पेट्रोल किती दाबापर्यंत रोखून धरतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० गुण, एन-हेप्टेनला शून्य, आणि तुमचं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं त्यावरून ९१ किंवा ९५. लिटरमध्ये उष्णता किती आहे याच्याशी या आकड्याचा थेट संबंध नाही. इथेनॉलचं ऑक्टेन १०८च्या आसपास आहे, पण लिटरमागे उष्णता साध्या पेट्रोलच्या दोन तृतीयांश. तेव्हा जास्त ऑक्टेनचा फायदा फक्त अशा इंजिनाला होतो, जे कमी ऑक्टेनवर नॉक करत होतं आणि नॉकिंग टाळायला स्पार्क मागे घेत होतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडत होतं. जे मुळात अडलेलंच नाही, ते मोकळं कुठून होणार?

आता तुमचं इंजिन. ब्रोशरमध्ये कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) पाहिला की माणूस दचकतो. स्ट्राँग हायब्रीडच्या इंजिनांत तो १३-१४ पर्यंत जातो, होंडा सिटी ई:एचईव्हीचा १३.५ आहे. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात एवढा रेशो असता तर ९१वर खरंच अवघड झालं असतं. पण ही अ‍ॅटकिन्सन पद्धतीची इंजिनं आहेत. पिस्टन वर चढायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) काही काळ उघडाच असतो, आत आलेल्या हवेतली थोडी परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळीत, ढकलली जाते, मग व्हॉल्व्ह बंद होतो. म्हणजे दाबलं जातं कमी आणि स्फोटानंतर फुगायला जागा मिळते जास्त. ब्रोशरमधला १३.५ हा फुगण्याचा आकडा समजा, प्रत्यक्ष दाब त्याहून बराच कमी असतो. याच्या जोडीला थंड केलेला एक्झॉस्ट वायू काही प्रमाणात परत आत सोडतात, त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नॉकिंगही कमी होतं.

नॉकिंगला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. इंजिन कमी आरपीएमवर आणि जास्त ओझ्याखाली असलं की मिश्रणाला भडकायला निवांत वेळ मिळतो. जुन्या गाडीत चौथ्या गिअरमध्ये चढाव चढायचा हट्ट केला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, तो याच कारणाने. तुमच्या गाडीत ही वेळच येऊ देत नाहीत. गिअर तुमच्या हातात नाही. कमी वेगात जोर लागला की मोटर धावून येते आणि इंजिनाला सोयीच्या आरपीएमवर नेऊन ठेवते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. लांब चढावर पूर्ण जोर हवा असला की व्हॉल्व्हचं टायमिंग बदलतं, व्हॉल्व्ह लवकर बंद होतो आणि प्रत्यक्ष दाब वाढतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे ४५ अंशांत, पाच माणसं आणि एसी घेऊन सलग चढाव असेल, तर ९१ ऑक्टेनवर ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) दोन-तीन अंश स्पार्क मागे घेऊ शकतो. तेवढ्या दहा मिनिटांत ९५चा थोडा उपयोग होईल, हे नाकारत नाही. पण तो उपयोग तुमच्या पंपावर मिळतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सध्या मजेशीर आहे.

बीएस-६चं साधं पेट्रोल म्हणजे किमान ९१ ऑक्टेन, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गाडीच्या मॅन्युअलमधली अटही त्याच धर्तीची असते. मात्र आता पंपावर जे साधं पेट्रोल येतं ते २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०. त्याच्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन ९५ आहे, आणि पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये ई-२०चं ऑक्टेन सुमारे ९५ असल्याचं सांगितलं. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमधलं मिश्रण आणखी थंड राहतं. म्हणजे ज्या ९५साठी पंपावरचा मुलगा लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मागतोय, त्याच्या जवळपासचं ऑक्टेन शेजारच्या साध्या नोझलमधूनच येतंय. ९१च्या काळात बेतलेला सल्ला आजही तसाच दिला जातोय, एवढंच.

अमेरिकेत नोकरीला असलेला तुमचा भाचा ‘मामा, मी माझ्या हायब्रीडमध्ये ८७ भरतो’ असं म्हणाला, तर चक्रावून जाऊ नका. तिथे पंपावर लिहिलेला आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१.

आता अ‍ॅव्हरेजचा हिशेब करू. साध्या पेट्रोलमध्ये लिटरमागे सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, इथेनॉलमध्ये २१. त्यामुळे ई-२०मध्ये ती ३०च्या जरा खाली येते. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या तुलनेत हा ६ ते ७ टक्क्यांचा फरक आहे, ई-१०च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तुमची घसरण २४वरून २० म्हणजे १६ टक्क्यांहून जास्त आहे. शिवाय दिवाळीतही तुम्ही ई-२०च भरत होतात. म्हणजे दोष इथेनॉलच्या माथी मारता येत नाही, कारण दुसरीकडे शोधायला हवं.

समजा साधं १०४ रुपये, ९५वालं १११ आणि १०० ऑक्टेनवालं १६० रुपये लिटर. तुमच्या पंपावरचे भाव घालून हा हिशेब पुन्हा करा, पद्धत तीच राहील. साध्यावर गाडी २२ देत असेल, तर ९५वर पैसे वसूल व्हायला तिने साडेतेवीस द्यायला हवेत आणि १००वर ३३.८. कंपनीचा प्रमाणित आकडाच २८च्या किंचित खाली आहे. इथेनॉल नसलेल्या १०० ऑक्टेनमुळे लिटरमागे ६-७ टक्के जास्त उष्णता मिळते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज खरोखर थोडं वाढलेलं दिसेल, दीडेक किलोमीटरने. लोक ते पाहून खूश होतात आणि ऑक्टेनला श्रेय देतात. त्या दीड किलोमीटरसाठी लिटरमागे ५६ रुपये मोजले, हे सोयीस्करपणे विसरतात.

इथेनॉल टाळायचंच म्हणून प्रीमियम भरणार असाल, तर एक लक्षात ठेवा: प्रीमियम म्हणजे इथेनॉलमुक्त असं समीकरण नाही. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० इथेनॉलविरहित म्हणून विकलं जातं, पण ९५वाल्या नोझलवर ई-२०चा शिक्का असू शकतो. पैसे देण्याआधी मशिनवरचं स्टिकर वाचा. तुमची गाडी एप्रिल २०२३नंतरची आहे, तिच्या रबरी नळ्या आणि सील ई-२० धरूनच बनवलेत, त्यामुळे या कारणासाठी १६० रुपये घालवायची गरज नाही. २०२२मध्ये आलेल्या सुरुवातीच्या हायब्रीड ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअल दोन्ही पाहावं. ई-१० लिहिलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावं.

‘प्रीमियमने इंजिन साफ राहतं’ हा मुद्दा वेगळा आहे आणि त्यात थोडं तथ्य आहे. फक्त ते काम ऑक्टेनचं नसून पेट्रोलमध्ये मिसळलेल्या डिटर्जंटचं आहे. एखाद्या ब्रँडेड पेट्रोलमध्ये साफ करणारं रसायन असतं पण ऑक्टेन साध्याइतकंच, एखाद्यात दोन्ही. हायब्रीडचं इंजिन शहरात सारखं बंद-चालू होतं आणि पुष्कळदा पुरेसं तापतही नाही, त्यामुळे इंजेक्टरवर (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीवर) थर बसण्याची शक्यता कागदावर तरी जास्त आहे. तुमचं साताऱ्याला जाणं हाच त्यावर चांगला इलाज आहे. तासभर हायवेवर इंजिन नीट तापलं की बरंचसं काम होतं. मनाच्या समाधानासाठी पाच-सहा टाक्यांमागे एकदा डिटर्जंटवालं भरलंत तर हरकत नाही. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, मग तिथला कार्बन कोणत्याही पेट्रोलने धुतला जात नाही.

दुकानात मिळणारी ‘ऑक्टेन बूस्टर’ची बाटली मात्र हायब्रीडमध्ये घालू नका. काहींमध्ये लोहाचं संयुग असतं. ते जळून प्लगच्या टोकावर विटकरी रंगाचा थर बसतो, इरिडियम प्लग मिसफायर करायला लागतो, आणि मग ‘पेट्रोल खराब होतं’ म्हणून पंपावर भांडण. प्लग काढल्यावर तो लालसर रंग लपत नाही.

आता घाटातला आवाज. या गाडीची हायब्रीड बॅटरी ०.७६ किलोवॉट-अवरची आहे, आणि तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ देत नाहीत. माणसं आणि सामान धरून गाडी १,६०० किलोची झाली, तर खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटर वर न्यायलाच सुमारे २.४ किलोवॉट-अवर लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध त्यात धरलेला नाही. म्हणजे बॅटरी घाटाच्या पहिल्या टप्प्यातच हात टेकते. डिस्प्लेवर दोन बार उरले की सगळा भार इंजिनावर येतो, ते चार हजारांच्या वर जाऊन एका सुरात ओरडतं आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहतो. कान आणि स्पीडोमीटर यांचा मेळ बसत नाही, म्हणून काहीतरी बिघडलंय असं वाटतं. ही या गिअरबॉक्सची रीत आहे, ऑक्टेनने ती बदलत नाही. नॉकिंगचा आवाज वेगळा, तुटक आणि धातूचा असतो. घाट सुरू होण्याआधी वेग ७०-७५वर आणून पाय एकसारखा ठेवलात तर बॅटरी जास्त टिकते. उतरताना बी मोडमध्ये (गिअरच्या दांड्यावरची ‘बी’ खूण, उतारावर गाडी रोखून धरायला) बॅटरी भरली की इंजिन पुन्हा मोठ्याने फिरतं, त्या वेळी ते ब्रेकचं काम करत असतं आणि पेट्रोल जळत नसतं. तो आवाज फुकटचा आहे, त्याला घाबरू नका.

मग अ‍ॅव्हरेज का पडलं? मी या क्रमाने तपासेन. पहिला संशय हवामानावर. दिवाळीत एसी जेमतेम लागतो, मे महिन्यात तो सतत चालतो. हायब्रीडचा एसी कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, त्यामुळे सिग्नलला उभी असतानाही बॅटरी उतरते आणि ती भरायला इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होतं. ऊन आणि गर्दी एकत्र आली की निव्वळ यानेच दोन-तीन किलोमीटर जाऊ शकतात.

दुसरं म्हणजे टायरची हवा. थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेल्या दाबाइतकी भरा. पंपावरचा ‘साहेब, तीसच ठीक’ हा सल्ला ऐकू नका. तिसरं, सर्व्हिस झाली असेल तर बिलावर इंजिन ऑइलचा ग्रेड वाचा. या इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२०सारखं पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये सवयीने ५डब्ल्यू-३० ओतलं जातं, आणि सारखं बंद-चालू होणाऱ्या इंजिनात जाड ऑइलचा त्रास जास्त जाणवतो.

चौथी जागा कुणी पाहतच नाही. हायब्रीड बॅटरीला थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी. बहुतेक गाड्यांत ती मागच्या सीटच्या जवळपास असते, नेमकी जागा मॅन्युअलमध्ये मिळेल. तिच्यावर धूळ, कुत्र्याचे केस किंवा सीटवरून घसरलेली पिशवी आली की बॅटरी तापते. मग यंत्रणा तिची देवघेव कमी करते आणि इंजिन जास्त वेळ चालतं. सीटखालून सतत पंख्याची घरघर येत असेल तर आधी तिथेच बघा. जाळी बाहेर निघत असेल तर काढून व्हॅक्यूमने साफ करा, पाणी मारू नका.

एवढं करूनही ऑक्टेनची शंका जात नसेल, तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून घाट चढताना नॉक करेक्शनचं लर्न व्हॅल्यू (नॉकिंगमुळे स्पार्क किती मागे घ्यायचा, याचा ईसीयूने शिकलेला आकडा) दाखवायला सांगा. ते साध्या पेट्रोलवरही स्थिर राहिलं तर विषय संपला. पी०३२५ हा बिघाडाचा कोड आला तर नॉक सेन्सरचं सर्किट पाहायचं, कारण सेन्सर बिघडला की ईसीयू भीतीपोटी स्पार्क मागे ठेवतो आणि उगाच पेट्रोल खातो. पी०१७१ आला तर मिश्रणात हवा जास्त आहे, एखादी होज निसटली आहे का पाहायचं.

घरी चाचणी करायची असेल तर एका टाकीवर निकाल देऊ नका. ऑटो कट एखादा लिटर इकडेतिकडे होतो, आणि ३५ लिटरमध्ये एक लिटर म्हणजे जवळपास तीन टक्के. तुम्ही शोधताय तो फरकच तेवढा आहे. तोच पंप, तेच नोझल, पहिल्या कटला थांबायचं, राउंड फिगर करायची नाही. साध्याच्या तीन टाक्या, मग ९५च्या तीन, मग पुन्हा साध्याच्या दोन. शेवटच्या दोन महत्त्वाच्या, कारण मधल्या काळात पाऊस सुरू झाला असेल तर ते तिथे उघडं पडतं. सुरुवातीला बॅटरी अर्धी होती की भरलेली, याची चिंता नको. तिच्या निम्म्या चार्जची किंमत पेट्रोलमध्ये शंभर-सव्वाशे मिलिलिटरच होते.

हे सगळं ग्रँड विटारा, हायरायडर, सिटी ई:एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉस अशा टर्बो नसलेल्या अ‍ॅटकिन्सन हायब्रीडसाठी आहे. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, व्होल्वो यांच्या टर्बो पेट्रोलला जोडलेल्या माइल्ड (मोटर फक्त मदतीला) किंवा प्लग-इन (बाहेरून चार्ज होणाऱ्या) हायब्रीडचं गणित वेगळं. तिथे टर्बो हवा कोंबून भरतो, दाब खराच वाढतो, आणि झाकणावर किमान ९५ लिहिलं असेल तर त्याखाली जाऊ नये. प्लग-इनवाल्यांची आणखी एक अडचण म्हणजे घरी चार्जिंग करून गाडी वीजेवरच फिरते आणि पेट्रोल टाकीत तीन-तीन महिने पडून राहतं. इथेनॉल ओलावा ओढतं, पावसाळ्यात जास्तच. त्यांनी टाकी पाव-अर्धी ठेवावी आणि दीड-दोन महिन्यांत ती संपवावी.

तुम्ही १०० ऑक्टेन भरलंत त्याने काहीही बिघडलेलं नाही. टाकी रिकामी करायच्या भानगडीत पडू नका, त्यावरच साधं भरा. फक्त त्या टाकीचा आकडा अ‍ॅव्हरेजच्या वहीत धरू नका, आणि पुढच्या सर्व्हिसला ऑइलच्या डब्यावरचा ग्रेड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.